पडदा माझ्याकडे वळवलेला होता: डोकेदुखीसाठी घेतलेली बायोफीडबॅकची १२ सेशन्स

मी सातारा जिल्ह्यातल्या एका न्यायालयात लघुलेखक आहे. नोकरीला २२ वर्षं झाली. साक्ष सुरू असताना साहेब जे सांगतात ते थेट संगणकावर टाइप करायचं आणि दुपारनंतर आदेशांचं, निकालपत्रांचं डिक्टेशन घ्यायचं, हे माझं काम. डोकं दुखणं हा आमच्याकडे कुणी आजार समजत नाही. टेबलाच्या खणात स्टॅम्प पॅडशेजारी गोळ्यांची पट्टी असतेच. माझ्याही खणात होती. सकाळी साडेअकराच्या सुमाराला मानेच्या मागून सुरुवात व्हायची आणि चार वाजेपर्यंत कपाळाभोवती कुणी ओला पंचा पिळून बांधल्यासारखं आवळत जायचं. घरी आल्यावर कुकरची शिट्टीसुद्धा सहन व्हायची नाही.

शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. एमआरआय स्वच्छ आला. त्यांनी निदान लिहिलं टेन्शन टाइप हेडेक, आणि मग एकच प्रश्न विचारला: महिन्यातून किती दिवस गोळी घेता? डायरीत मोजलं तर १८ दिवस भरले. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस पोटात जायला लागल्या, की काही जणांत ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गोळ्या कशा कमी करायच्या ते त्यांनी लिहून दिलं, आणि जोडीला पुण्यात बायोफीडबॅक करणाऱ्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जायला सांगितलं.

त्या अनुभवाबद्दल हे लिहिते आहे, पण आधी एक सांगायला हवं. बायोफीडबॅक याच नावाखाली मी त्याच्या काही महिने अगोदर फसले होते. ओळखीतून एका ठिकाणी गेले होते, नाव घेत नाही. कपाळाला पट्टा, मनगटांना पट्टे, २० मिनिटं स्वस्थ बसवलं आणि हातात १४ पानांचा कागद दिला. त्यात यकृत अशक्त, आतड्यात विषद्रव्यं, ‘बालपणीचा भावनिक अडथळा’ असं बरंच काही टक्केवारीसकट छापलेलं. हे सगळं यंत्रानेच ‘लहरी सोडून दुरुस्त’ करायचं, शिवाय वर सहा महिन्यांची पावडर. ४,५०० रुपये गेले. पैशांपेक्षा मला राग आहे तो याचा, की खऱ्या उपचाराचं नाव ऐकलं तेव्हा मी तोंड फिरवलं आणि त्यात चार महिने वाया घालवले.

म्हणून फरक काय तो सरळ सांगते. खऱ्या बायोफीडबॅकमध्ये यंत्र शरीरात काहीही सोडत नाही. ते मोजतं आणि मोजलेलं तत्क्षणी तुम्हाला दाखवतं. स्नायू किती आवळलेत, बोटं किती गार आहेत, तळव्याला घाम किती, श्वास कसा चाललाय, नाडी कशी. बदल करायचा तो तुम्ही, तुमच्याच शरीराने. यंत्राने यकृताचं निदान सांगितलं, तर उठून निघून या.

क्लिनिक कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बाहेर चारच खुर्च्या, पण वेळ दिलेली पाळतात, आणि मी साताऱ्याहून विनावाहक गाडीने येणार म्हटल्यावर पहिल्यापासून साडेअकराचीच वेळ दिली. मॅडमनी पहिला पाऊण तास एकही तार लावली नाही. झोप, काम, चहा किती, गोळ्या किती, कोणत्या बाजूला दुखतं, दात खाता का, असं सगळं विचारून लिहून घेतलं. भिंतीवर त्यांचं भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र होतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना हा कागद बघावा, नसेल दिसत तर विचारावा. खरा माणूस रागावत नाही.

मग तारा आल्या. दोन बोटांना घामासाठी, एका बोटाला तापमानासाठी, एका बोटाला नाडीचा चिमटा, पोटाभोवती श्वासाचा पट्टा, खांद्यावर आणि कपाळावर चिकट चकत्या. माझं अंग आक्रसलं. कोर्टात काम करणाऱ्या माणसाला अशा तारा म्हटलं की एकच आठवतं, पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी. तिथेही हेच मोजतात: श्वास, नाडी, रक्तदाब, त्वचेवरचा घाम. संमतीवाचून ही चाचणी कुणावर करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं. त्यातले परिच्छेद मी कितीदा टाइप केले असतील. मी मॅडमना ते बोलून दाखवलं. त्यांनी काही न बोलता संगणकाचा पडदा धरून माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “पॉलिग्राफमध्ये हा पडदा तपासणाऱ्याकडे असतो, ताई. इथे तो तुमचा.” माझी भीती तिथेच गेली.

पहिल्या दिवशी फक्त चाचणी असते. पाच मिनिटं शांत बसायचं. मग १०० मधून सात-सात वजा करत जायचं, मोठ्याने. मग पुन्हा शांत. मग कामावरचा एखादा त्रासाचा प्रसंग मनात आणायचा. पुन्हा शांत. आकडेमोड सुरू झाली तशी घामाची रेघ जिन्यासारखी वर चढली, श्वास उथळ झाला, नाडी ७८ वरून ९६ वर गेली. बोटाचं तापमान मुळात ८१ अंश फॅरनहाइट होतं, ते ७९ वर उतरलं. मॅडमनी तेव्हाच समजावलं: संकट समोर आलं की शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने १९१५ च्या सुमाराला जे मांडलं ते हेच. हृदय जोरात चालतं, मोठ्या स्नायूंकडे रक्त वळतं, बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून हात गार पडतात, आणि तळव्यांना घाम सुटतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर माणसाच्या तोंडाला कोरड पडते ती त्यातलीच. त्या माणसासाठी पाण्याचा ग्लास सांगायचं काम मी २२ वर्षं करते आहे, पण हेच सगळं पिंजऱ्यापासून पाच फुटांवर माझ्यातही घडत असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आकडेमोड थांबली. तीन मिनिटांत घाम उतरला, नाडी उतरली, श्वास खाली आला. एक रेघ मात्र होती तिथेच राहिली, उजव्या खांद्याची.

“खांदा अजून वरच आहे. जाणवतंय का?”

“नाही.”

“अजिबात?”

“मॅडम, मला तर हात सैल सोडल्यासारखाच वाटतोय.”

मी १२ सेशन्स का पूर्ण केली, त्याचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. माझा स्नायू आवळलेला होता, आणि मला तो सैल वाटत होता. घरचे वर्षानुवर्षं सांगत आले की टेन्शन घेऊ नकोस, आराम कर, खांदे पाड. मी पाडले असं मला वाटायचंच. जे कळतच नाही ते सोडणार कसं?

तिसरं सेशन सविस्तर सांगते. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारा जो वरचा स्नायू, ट्रॅपिझियस, त्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तीन चकत्या लावल्या. स्नायू आखडला की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. पडद्यावर एक उभी पट्टी आणि स्पीकरमधून एक सूर. स्नायू आवळला की सूर चढतो, सैल झाला की खाली येतो. नुसतं बसले तर आकडा ४ च्या आसपास. मॅडमनी कीबोर्ड पुढे ठेवला आणि वर्तमानपत्रातला मजकूर वाचायला सुरुवात केली, मी टाइप करायचं. आकडा ७. टाइप करताना एवढा वाढणारच. मग त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. माझे हातही कीबोर्डवर थांबले. पुढचा शब्द येईल म्हणून मी वाट बघत होते, आणि सूर चढला. ११. १२. माझी बोटं हलत नव्हती आणि आकडा टाइप करतानापेक्षा जास्त होता. पोटाच्या पट्ट्याची रेघ तर पूर्ण सपाट. मी श्वास रोखून धरला होता.

माझी डोकेदुखी टाइप करण्यातून येत नव्हती. ती ऐकण्यातून येत होती.

खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मला आठवत होत्या त्या पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतल्या साक्षी. लहान मूल बोलतं, थांबतं, साहेब घाई करत नाहीत, कुणीच करत नाही. त्या थांबलेल्या वेळात माझी बोटं कीबोर्डवर टेकलेली असतात आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. तो आमच्या कामाचा भाग आहे आणि तो बरोबरच आहे. मूल माझ्या चेहऱ्याकडे बघून घाबरता कामा नये. पण चेहऱ्यावर जे दिसू दिलं नाही, ते मी खांद्यात आणि कपाळात साठवत आले, हे त्या पट्टीने मला दाखवलं. मी रडले. मॅडमनी तारा काढल्या नाहीत, पडद्याकडे बोटही दाखवलं नाही. फक्त पाणी दिलं आणि थांबल्या. काही मिनिटांनी मीच पडद्याकडे बघितलं तर आकडा ३ वर होता. एवढा कमी मी तोवर पाहिला नव्हता.

पुढची सेशन्स म्हणजे रियाजच. आधी मुद्दाम खांदा आवळायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा आणि सुटताना कसं वाटतं ते ओळखायचं. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात बसवलेली ही जुनी रीत आहे. मग पूर्ण आवळायचं नाही, अर्धंच. मग पाव. पाचव्या-सहाव्या सेशनला सूर बंद करून मॅडम विचारायच्या, “आता आकडा किती असेल?” मी म्हणायचे ५, असायचा ९. आठव्या सेशनला मी ६ म्हटलं आणि ६ होता. एवढा आनंद मला लघुलेखनाची मिनिटाला १२० शब्दांची परीक्षा पास झाल्यावर झाला होता.

श्वासाचं वेगळं प्रकरण. मिनिटाला साडेसहा, सहा, साडेपाच, पाच अशा वेगवेगळ्या गतीने श्वास घ्यायला लावून नाडीची रेघ बघतात. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना कमी होते. कुठल्या तरी एका गतीला ही लाट सर्वांत मोठी आणि गोल होते. बहुतेकांची ती गती मिनिटाला सहाच्या आसपास निघते, कारण रक्तदाब सांभाळणारी शरीराची जी प्रतिक्षिप्त यंत्रणा आहे तिची लयही साधारण दहा सेकंदांची आहे. माझी साडेपाचला जुळली. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं, की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि योगातला मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा माणसाचा श्वास मिनिटाला सहावर येतो. हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई माळ खाली ठेवून म्हणाल्या, “मग मी गेली ४० वर्षं काय करतेय?” त्यांचं म्हणणं खरं आहे. लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया यंत्रांनी मोजायला घेतल्या, म्हणजे हे मोजणंही आपल्याकडे नवं नाही. तरी मला एकटीला जपातून हे साधलं नसतं. मी नामस्मरण करतानाही खांदा वर धरूनच बसत असणार.

बोटं गरम करायचं मला सर्वांत कठीण गेलं, कारण त्यात जोर लावला की उलटंच होतं. ‘गरम व्हा, गरम व्हा’ म्हणत बसले की तापमान घसरायचं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एका बाईंची अर्धशिशी अचानक थांबली, नेमक्या त्याच वेळी त्यांच्या हातांचं तापमान दोन मिनिटांत दहा अंश फॅरनहाइटने वाढलेलं तिथल्या लोकांना दिसलं, आणि त्यातून हात गरम करण्याचं हे प्रशिक्षण सुरू झालं, असं मॅडमनी सांगितलं. एल्मर ग्रीन आणि त्यांचे सहकारी तिथे संशोधन करत होते. १९७० मध्ये भारतातले योगी स्वामी राम यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत एकाच तळहातावरच्या दोन जागांचं तापमान वेगवेगळं करून दाखवलं होतं. मला तसलं काही जमणार नव्हतं. मला ९५ अंशांचं लक्ष्य दिलं होतं, मी ९३ पर्यंत पोचले. ज्या दिवशी पोचले त्या दिवशी मी डोळे मिटून आमच्या वाईच्या वाड्यातल्या चुलीसमोर हात धरले होते.

घरचा अभ्यास रोज दोनदा, २०-२० मिनिटं. बोटाला चिकटपट्टीने लावायचं साधं थर्मामीटर ३५० रुपयांना मिळालं. परतीच्या गाडीतही करायचे, शिरवळपासून खंबाटकीचा घाट चढून संपेपर्यंत. हा अभ्यास करायची तयारी नसेल तर पैसे घालवू नयेत, असं मॅडम स्वतःच पहिल्या दिवशी सांगतात.

आता तक्रारी. एका सेशनचे १,५०० रुपये. १२ सेशन्सचे १८,००० आणि गाडीभाडं वेगळं. बाह्यरुग्ण उपचार म्हणून माझ्या विम्यातून एक रुपयाही आला नाही. चकत्यांच्या गोंदाने खांद्यावर पुरळ उठलं. दुसऱ्या कंपनीच्या चकत्या मागवायला त्यांना तीन आठवडे लागले. नाडीचा चिमटा दोनदा मध्येच बंद पडला आणि अर्धं सेशन त्यात गेलं, त्याची भरपाई म्हणून वेळ वाढवून दिली नाही. अहवाल फक्त इंग्रजीत असतो. मला चालतो, पण बाहेर फलटणहून आलेले एक काका तो हातात घेऊन प्रत्येकाला विचारत होते, हे मला बरं वाटलं नाही. पुण्यात बसून मराठीत एक पान काढून देणं अवघड नाही. आणि सेशन्स आठवड्याला एक असावीत, पण मला दुसऱ्या-चौथ्या शनिवारशिवाय जमत नव्हतं. जानेवारी ते एप्रिल महिन्याला दोन, आणि मेच्या सुट्टीत सलग चार, अशी झाली. मेमधल्या चार आठवड्यांत जेवढी प्रगती झाली तेवढी आधीच्या दोन महिन्यांत झाली नव्हती.

गुण किती आला? डायरीतले आकडे देते. डिसेंबरमध्ये डोकं दुखल्याचे दिवस १९. जानेवारीत २२, कारण गोळ्या कमी केल्यावर सुरुवातीला दुखणं वाढतं. डॉक्टरांनी ते आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. मार्चमध्ये १३, मेमध्ये ७, जूनमध्ये ६. गोळी जूनमध्ये दोन दिवस घेतली. यातला किती भाग गोळ्या कमी केल्याचा आणि किती बायोफीडबॅकचा, हे वेगळं काढता येणार नाही. मे महिना सुट्टीचा होता हेही खरं. पण जूनमध्ये कोर्ट पूर्ण भरात होतं.

डोकेदुखीसाठी, ताणाची असो की अर्धशिशी, या उपचाराला चांगला आधार आहे. शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळचे स्नायू उलटे आवळून होणाऱ्या जुनाट बद्धकोष्ठतेतही तो वापरतात. रक्तदाबावर परिणाम होतो तो थोडा. त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करू नये. आणि डोकेदुखी अचानक, कधी नव्हे इतकी जोरात आली, हातपाय लुळे पडले, नजर गेली, ताप आणि मान ताठ झाली, तर आधी रुग्णालय. मनगटावरच्या घड्याळात ‘स्ट्रेस’चा आकडा दिसतो तेवढ्याने हे काम होत नाही. माझ्या मुलीचं घड्याळ मी महिनाभर घातलं, त्याला माझा खांदा कधीच दिसला नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक साक्ष तीन दिवस चालली. मूल थांबलं की मी दोन्ही तळवे कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत होते आणि श्वास सोडत होते. आवाज येत नाही, कुणाला दिसत नाही. पुढचा शब्द आला की हात परत वर. त्या तीन दिवसांत एकही शब्द सुटला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मान दुखत होती, कपाळ नव्हतं.

शिकलेलं ताजं करायचं ‘आठवणीचं’ सेशन सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी आहे, त्याचे ८०० रुपये. आमच्या शाखेतली कनिष्ठ लिपिकही या वेळी सोबत येते आहे. तिचा जबडा दुखतो.